जलसंधारणातील तांत्रिक कामाचा कमाल दर कसा काढतात?

सोलापूर जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. त्यामुळे बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण, सिमेंट नाला बांध, पाझर तलाव, तलावातील गाळ काढणे ही कामे या जिल्ह्यात कधी संपत नाहीत. योजनांची नावे मात्र बदलत राहतात. 1942 साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजना कायदा झाला, तेव्हापासून सरकार शेतात बांध घालत आले आहे. पुढे पाणलोट आले, 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले, 2017 साली गाळमुक्त धरण आले.

या कामांवर जेसीबी, टिपर चालवणारे, दगडी बांधकाम करणारे गवंडी, लोखंडी जाळ्या वेल्डिंग करणारे आपल्या समाजात पूर्वीपासून आहेत. आता त्यांत आणखी एक वर्ग येऊन मिळाला आहे. सिव्हिल डिप्लोमा झालेली मुले जागेची पाहणी करतात, लेव्हल घेतात, नकाशा व अंदाजपत्रक तयार करतात, काम चालू असताना देखरेख करतात आणि शेवटी मोजमाप करून देतात. माती त्यांची नाही, सिमेंट त्यांचे नाही. विकायचे ते फक्त ज्ञान आणि दिवस. सरकारी भाषेत याला तांत्रिक साहाय्य म्हणतात. ते विभागाचा नोकर देत असेल तर त्याचा पगार ठरलेला असतो. बाहेरच्या माणसाकडून ठेक्याने घेतले की त्याला द्यायचे किती, हा प्रश्न उभा राहतो.

भवानी पेठेत हा प्रश्न विचारला की हमखास एकच उत्तर येते, ‘बाजारात तीन टक्के चालतात.’ कोणी दोन सांगतो, कोणी चार. हे टक्के कुठून आले हे कोणी सांगत नाही. आमच्या मते या कामात हातची कमाई जाते ती याच उत्तरामुळे. म्हणून कमाल दर काढण्याची पद्धत आम्ही येथे जरा विस्ताराने देत आहोत.

प्रथम एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. कमाल दर म्हणजे पैसे देणारा जास्तीत जास्त जेवढी रक्कम मंजूर करील ती मर्यादा. तो कामाचा भाव नव्हे आणि तुमचा खर्चही नव्हे. चादरीवर छापलेली किंमत आणि चादर विणायला आलेला खर्च यांत जेवढे अंतर असते तेवढेच येथेही असते. मर्यादेपेक्षा खर्च कमी असेल तर त्यात तुमची कमाई आहे. जास्त असेल तर वरचा भार कोणाच्या तरी खिशातून जाणार, आणि करारात तसे लिहिले नसेल तर तो खिसा तुमचाच.

ही मर्यादा हिशेबाने काढण्याचे चांगले उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे शेतातील माती-पाणी राखण्याच्या कामाला सरकारी मदत मिळते आणि तांत्रिक सल्ला पूर्वी सरकारी खात्याची माणसेच देत. 2002 च्या शेती कायद्याने शेतकऱ्याला मोकळीक दिली की त्याने खात्याने मान्य केलेला बाहेरचा तंत्रज्ञ नेमावा आणि त्याचे पैसे सरकारने द्यावेत, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. मर्यादा ठरवण्यामागचा विचार साधा आहे. हेच काम खात्याच्या माणसाने केले असते तर सरकारला काय पडले असते? त्या माणसाचा तासाचा खर्च किती, म्हणजे पगार, रजा, कार्यालय, गाडी सगळे धरून. आणि अमुक एक काम करायला असे किती तास लागतात? तासांना तासाच्या खर्चाने गुणले की मर्यादा आली. काम एकगठ्ठा न धरता नियोजन, आराखडा, उभारणीवरील देखरेख आणि शेवटची तपासणी असे त्याचे भाग पाडले. प्रदेशाप्रमाणे दर वेगळे ठेवले, कारण सगळीकडची मजुरी सारखी नसते. तंत्रज्ञाने मर्यादेपेक्षा जास्त मागितले तर वरची रक्कम शेतकऱ्याने स्वतः भरायची. एकाच कामाचे पैसे दोनदा द्यायचे नाहीत, आणि अडचणीची जागा असेल तर कारण दाखवून वाढीव दर मागता येतो, अशीही तरतूद ठेवली.

आपल्याकडे असा तासांचा हिशेब क्वचितच होतो. आपल्याकडे मर्यादा वरून खाली येते. केंद्र सरकारने 2008 साली पाणलोट विकासाच्या सामाईक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सपाट भागासाठी हेक्टरी 12,000 रुपये आणि डोंगराळ व अवघड भागासाठी 15,000 रुपये असा खर्चाचा दर धरला आणि मग त्याचे टक्के पाडले. प्रशासनाला 10, सविस्तर प्रकल्प अहवालाला 1, देखरेखीला 1, मूल्यमापनाला 1, संस्था बांधणी व प्रशिक्षणाला 5, आणि प्रत्यक्ष माती-पाण्याच्या कामांना 50 टक्के. 2011 च्या सुधारणेत कामांचा वाटा 56 टक्के झाला, पण अहवालाचा 1 टक्का तसाच राहिला.

या एका टक्क्याचा अर्थ काय होतो ते पाहा. हेक्टरी 12,000 चा एक टक्का म्हणजे 120 रुपये. 5,000 हेक्टरचा प्रकल्प असेल तर अहवालासाठी 6 लाख. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण त्यात प्रत्येक गावाची पायाभूत पाहणी, विहिरींची नोंद, मातीची खोली, गटवार नकाशे, ग्रामसभा, उपग्रह चित्रांवरचे काम, टायपिंग आणि प्रती काढणे एवढे सगळे बसवायचे. प्रकल्पात दहा गावे असतील तर गावाला 60,000 पडतात. अहवाल कोणी करायचा हे संस्थेने ठरवायचे. संस्थेने काम दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला दिले, तर त्या 120 रुपयांतले शेवटच्या माणसाच्या हातात किती उरतात हे त्यानेच मोजून पाहावे. 2005 च्या रोजगार हमी कायद्याखालीही प्रशासकीय खर्चाला एकूण खर्चाच्या 6 टक्क्यांची मर्यादा होती. आपल्या राज्यात बाहेरून नेमलेल्या पॅनेल तांत्रिक अधिकाऱ्यांचे मानधन कामाच्या रकमेच्या टक्क्यांत देण्याची पद्धत पडली ती त्याच कायद्याच्या अंमलात.

वरून आलेला टक्का आपल्याला बदलता येत नाही. पण खालून वर जाणारा हिशेब आपल्या हातात आहे, आणि तो केल्याशिवाय कार्यादेशावर सही करू नये. यंत्रमागाचा मालक जॉबवर्क घेताना वीज, कांडी, जॉबरचा पगार, माग बंद पडण्याचे तास सगळे धरतो. तोच हिशेब येथे लावायचा आहे.

पुढील सर्व आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपापले घालावेत. एक तरुण तंत्रज्ञ आहे. तो नोकरीत असता तर महिना 30,000 मिळाले असते असे धरू. म्हणजे वर्षाचे 3,60,000. त्याच्या छोट्या कार्यालयाचे भाडे, वीज, संगणक, लेव्हलिंगचे यंत्र किंवा टोटल स्टेशनचे भाडे, प्रिंट, फोन, कधीमधी बरोबर न्यायचा मदतनीस असा वर्षाचा खर्च 1,80,000. पेट्रोल यात धरलेले नाही, ते पुढे वेगळे येईल. एकच खर्च दोनदा धरला की दर फुगतो आणि समोरचा अधिकारी तेवढेच बोट ठेवून सगळा हिशेब फेटाळतो. एकूण झाले 5,40,000.

आता याला भागायचे किती दिवसांनी? बहुतेक जण येथेच घसरतात. 365 ने भागले तर दिवसाला 1,479 रुपये येतात आणि ‘दीड हजार रोज घेतो’ असे सांगितले जाते. पण वर्षातून 52 सुट्ट्या काढा. दोन्ही ईद, मोहरम, दिवाळी, गणपती, गावच्या जत्रा मिळून 20 दिवस काढा. आजारपण, लग्नकार्याचे 13 दिवस काढा. राहिले 280. या 280 पैकी किती दिवस कोणी पैसे देते? निविदा भरणे, पंचायत समितीत फाइल कुठे अडकली ते पाहणे, तांत्रिक मान्यतेसाठी हेलपाटे, बिलासाठी हेलपाटे, भर पावसात नाल्यात उतरता येत नाही ते दिवस, यांत 100 दिवस सहज जातात. पैसे मिळणारे दिवस राहिले 180. 5,40,000 भागिले 180 म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला 375. दीड हजार आणि तीन हजार यांतील फरक म्हणजे या मुलांचा दरसालचा न दिसणारा तोटा.

दुसरी पायरी कामाच्या दिवसांची. एका गावात 8 लाखांचा सिमेंट नाला बांध आहे, गाव 50 किलोमीटरवर आहे. जागा पाहणे व नियोजन 1 दिवस. नाल्याची लेव्हल, उभे-आडवे छेद 2 दिवस. नकाशा व अंदाजपत्रक कार्यालयात बसून 2 दिवस. देखरेखीच्या चार फेऱ्या, अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या, म्हणून 2 दिवस. शेवटचे मोजमाप 1 दिवस. एकूण 8 दिवस, म्हणजे 24,000 रुपये. योगायोगाने 8 लाखांचे तीन टक्के तेवढेच होतात! मुलगा खूश होऊन सही करतो.

पण 50 किलोमीटर मोटारसायकलवर जाऊन काँक्रीट ओतताना उभा राहून परत आलेल्या माणसाचा अर्धा दिवस उरतो कोठे? त्या चार फेऱ्यांचे चार पूर्ण दिवस धरावे लागतात. मग दिवस झाले 10 आणि रक्कम 30,000. शिवाय जागेवरच्या फेऱ्या आठ, प्रत्येकी जाऊन-येऊन 100 किलोमीटर, म्हणजे 800 किलोमीटर. किलोमीटरला 4 रुपये धरले तर 3,200. खरा खर्च 33,200 आणि हाती 24,000. एका बांधामागे 9,200 चा खड्डा, आणि हे सगळे वेळेवर झाले तर.

आता त्याच नाल्यावर थोड्या अंतराने दुसरा तेवढाच बांध असेल आणि दोन्ही कामे एकदम मिळाली तर काय होते? नियोजन 1 दिवस, लेव्हल 3, कार्यालयीन काम 3, देखरेख 5, मोजमाप 1. एकूण 13 दिवस, 39,000 रुपये. फेऱ्या दहा, 1,000 किलोमीटर, 4,000 रुपये. मिळून 43,000. तीन टक्क्यांनी 16 लाखांवर 48,000 मिळतात. तोच टक्का, तोच माणूस, पण येथे 5,000 शिल्लक पडतात. म्हणून टक्का किती यापेक्षा कामे किती जवळजवळ आहेत हे आधी विचारावे. विखुरलेली चार कामे तीन टक्क्यांनी घेण्यापेक्षा एका शिवारातील चार कामे अडीच टक्क्यांनी घेतलेली परवडतात.

टक्केवारीत आणखी एक खोट आहे. 8 लाखांच्या बांधाऐवजी 15 लाखांचा झाला तर लेव्हल घेण्याचे श्रम दुप्पट होत नाहीत, पैसे मात्र 45,000 होतात. म्हणजे काम महाग करणाऱ्याला जास्त आणि काटकसरीने आराखडा करणाऱ्याला कमी. जो बांध दोन मीटर उंचीचा पुरला असता तो अडीच मीटरचा का होतो, याचे एक कारण येथे आहे. पैसे देणाऱ्याच्या दृष्टीनेही टक्का महागच पडतो. केवळ तंत्रज्ञांनीच नव्हे तर काम करवून घेणाऱ्या शेतकरी-व्यापाऱ्यांनीही दिवसांचा हिशेब मागावा, असे आम्ही म्हणतो ते त्यासाठीच.

पेठेतील कारखानदारांना हे परके वाटण्याचे कारण नाही. माती-पाण्याप्रमाणे ऊर्जेच्या बचतीचेही तांत्रिक साहाय्य असते. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली 2002 साली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. त्याच्या लघुउद्योग कार्यक्रमात सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा समावेश झाला आणि येथील कारखान्यांत ऊर्जा कशी वाचवता येईल याची पुस्तिकाही निघाली. रंगाईच्या बॉयलरची किंवा यंत्रमागाच्या मोटारींची तपासणी करणारा ऊर्जा लेखापरीक्षक बोलावला तर त्यालाही हाच प्रश्न विचारावा. किती माणसे, किती दिवस, मोजणीची उपकरणे कोणती, अहवालाला किती दिवस, आणि सुचवलेला बदल केल्यावर पुन्हा येऊन मोजून देणार का? हे शेवटचे काम करारात नसले तर बचत झाली की नाही हे कळायला मार्गच राहत नाही. कोणी सांगतो, ‘फी नको, वाचेल त्यातला वाटा द्या.’ ऐकायला बरे वाटते, पण मूळ वापर किती धरायचा आणि वाटा किती वर्षे द्यायचा हे लिहिलेले नसेल तर पुढे भांडण अटळ आहे.

आपल्या फिकहमध्ये या विषयाची चांगली वर्गवारी आहे. इजाऱ्याच्या करारात काम आणि उजरत दोन्ही आधी स्पष्ट असले पाहिजेत, ही पहिली अट. मग मजुरीने काम करणाऱ्याचे दोन प्रकार केले आहेत. अजीर-ए-खास म्हणजे वेळेवर नेमलेला. तो ठरल्या वेळी हजर राहिला की उजरतीचा हकदार होतो. अजीर-ए-मुश्तरक म्हणजे शिंपी किंवा रंगारी यासारखा, अनेकांची कामे घेणारा. त्याला काम पूर्ण केल्यावर उजरत. तांत्रिक कामाचे चार भाग या दोहोंत सरळ वाटता येतात. नकाशा व अंदाजपत्रक हे शिंप्याच्या कामासारखे आहे, ते एकगठ्ठा रकमेवर घ्यावे. देखरेख मात्र दिवसावर घ्यावी. कारण जेसीबीचा पाइप फुटला, सिमेंट आले नाही, ठेकेदार फिरकलाच नाही, तरी तंत्रज्ञाचा दिवस गेलेला असतो. एकगठ्ठा करारात तो दिवस त्याच्या अंगावर पडतो. ‘जास्तीत जास्त अमुक फेऱ्या, त्यापुढे प्रत्येक फेरीस अमुक रुपये’ ही एक ओळ कार्यादेशात घालून घेतली की निम्मा तंटा मिटतो.

बिल मिळायला लागणारा वेळ हाही दराचाच भाग आहे. काम उन्हाळ्यात, मोजमाप पावसाळ्यापूर्वी आणि पैसे निधी आल्यावर. मधल्या सहा महिन्यांत घर चालवायला व्याजी पैसा उचलला तर दराचे सगळे गणित आणि त्याबरोबर बरेच काही बिघडते. म्हणून नकाशा-अंदाजपत्रक दिल्यावर एक हप्ता, काम अर्धे झाल्यावर दुसरा आणि मोजमाप पुस्तकात नोंद झाल्यावर तिसरा, असे टप्पे मागून घ्यावेत. उद्गम करकपात होऊन हातात कमी येते, तीही आधी लक्षात ठेवावी. विवरणपत्र भरले तर तो पैसा हिशेबात परत धरता येतो.

जीएसटीबाबत घोटाळा फार आहे. राज्य शासनाला किंवा पंचायतीला, पंचायतीच्या कार्यक्षेत्रातील विषयावर दिलेल्या, माल न पुरवता केलेल्या निव्वळ सेवेला सूट आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत मृदसंधारण व पाणलोट विकास हे विषय असल्याने थेट पंचायतीचे काम त्यात बसते. मात्र तेच काम एखाद्या संस्थेकडून किंवा ठेकेदाराकडून उपठेक्याने घेतले तर सेवा घेणारा सरकार राहत नाही आणि ही सूट लागू होत नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती सर्वसाधारणपणे नसते, पण वर असेल तर 18 टक्के कोण भरणार हे दर सांगतानाच ठरवावे. आपल्या कामाचा कागद कर सल्लागाराला दाखवून घेणे उत्तम.

शेवटी मर्यादेच्या तारखेविषयी. 2008 साली धरलेला हेक्टरी 12,000 चा दर पुढे वर्षानुवर्षे चालला. 2021 पासूनच्या नव्या पाणलोट प्रकल्पांसाठी तो सपाट भागात 22,000 आणि अवघड भागात 28,000 झाला. मधल्या तेरा वर्षांत मजुरी वाढली, यंत्रांची भाडी वाढली, 2021 साली महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी ओलांडली. अहवालाचे हेक्टरी 120 रुपये मात्र जागचे हलले नाहीत. त्यामुळे कोणी कमाल दर सांगितला की तो कोणत्या वर्षी काढलेला आहे हे प्रथम विचारावे. काम एका वर्षापेक्षा जास्त चालणार असेल तर दुसऱ्या वर्षापासून प्रवासखर्च प्रत्यक्ष किलोमीटरप्रमाणे आणि त्या वेळच्या पेट्रोलच्या भावाने वेगळा मिळेल, एवढे तरी करारात लिहून घ्यावे. दर न वाढवता ही मागणी मान्य करणे अधिकाऱ्यालाही सोपे जाते.